हाताची रिफ्लेक्सॉलॉजी: ज्येष्ठांच्या कट्ट्यावर शिकवावी का?

मेधा_वसंतविहार
१७ जानेवारी, रात्री १०:०५

आमच्या सोसायटीत (ठाणे पश्चिम, पोखरण रोड नंबर दोनच्या आतल्या बाजूला) ज्येष्ठ नागरिकांचा कट्टा आहे. रविवारी सकाळी क्लबहाउसमध्ये काही ना काही चालू असतं. कधी भेंड्या, कधी डोळे तपासणी, मध्यंतरी मोबाइलवरून विजेचं बिल भरायला शिकवलं होतं. पुढच्या महिन्यात मी त्यांना हाताची रिफ्लेक्सॉलॉजी दाखवावी असं ठरलंय.

मी डॉक्टर नाही, व्यवसायाने थेरपिस्टही नाही. ऐरोलीत एका कंपनीत अकाउंट्स बघते. मार्चएंडला खांदे कानाला चिकटतात आणि रात्री डोळा लागत नाही, म्हणून मैत्रिणीने नौपाड्यातल्या एका बाईंकडे नेलं. त्यांच्याकडे पायाचं आणि हाताचं दोन्ही शिकले. पायाचं मागे पडलं, हाताचं टिकलं. पायासाठी एकाने आडवं व्हायचं, दुसऱ्याने खाली बसायचं, मोजे, टॉवेल, तेलाची वाटी, सगळा जामानिमा. हात काय, मीटिंगमध्ये टेबलाखालीसुद्धा दाबता येतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: तळहातावर आणि बोटांवर सगळ्या शरीराचा नकाशा आहे असं ही पद्धत मानते. बोटांची टोकं म्हणजे डोकं आणि सायनस, बोटांच्या मुळाशी डोळे-कान, त्याखालच्या उंचवट्यावर छाती आणि फुप्फुसं, तळव्याच्या मध्यात पोटातले अवयव, मनगटापाशी ओटीपोट. अंगठ्याच्या बाहेरच्या कडेने मनगटापर्यंत पाठीचा कणा. यकृत उजव्या हातावर, हृदय डाव्या. त्या त्या जागी दाब दिला की त्या त्या अवयवाला आराम पडतो, असा दावा.

माझं विचाराल तर नकाशावर माझा फारसा जीव नाही. पण कुणी शांतपणे पंधरा-वीस मिनिटं हात दाबून दिला की खांदे खाली येतात, जबडा सैल पडतो, श्वास आपोआप संथ होतो, हे खरं. मला तेवढंच शिकवायचंय.

घोडं अडलंय ते नोटिशीवर. कट्ट्याच्या सेक्रेटरीकाकांनी बोर्डासाठी मजकूर लिहून पाठवलाय: 'मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी, थायरॉइड यांवर विनाऔषध उपचार. सर्वांनी लाभ घ्यावा.' मी म्हटलं, काका, हे नको. तर म्हणाले, "नुसतं 'आराम' लिहिलं तर कोण येणार? आराम तर आम्ही दिवसभर करतोच."

तुमच्यापैकी कुणी हे केलंय का, करून घेतलंय का? सत्तरीच्या पुढच्या माणसांना शिकवताना काय सांभाळायचं? आणि नोटिशीत काय लिहू?

---

खारीगावकर
१७ जानेवारी, रात्री १०:२२

आता तर्कट येणार, मग पद्मिनीताई येणार, मग धागा शतक मारणार. शेंगदाणे घेऊन बसलोय. (कृहघ्या, म्हणजे कृपया हलके घ्या.)

बाकी सेक्रेटरीकाकांचं वाक्य फ्रेम करून लावा.

---

तर्कट
१७ जानेवारी, रात्री ११:४८

खारीगावकर, आलो.

मेधाताई, नकाशावर जीव नाही म्हणालात ते बरं केलंत. त्या नकाशाचं मूळ अनेकांना पाच हजार वर्षं जुनं वाटतं. तुमच्या क्लासमध्येही इजिप्तच्या कुठल्याशा थडग्यातलं चित्र दाखवलं असेल. आज जी पद्धत शिकवतात ती मात्र विसाव्या शतकातली आणि अमेरिकन. विल्यम फिट्झगेराल्ड नावाचा कान-नाक-घशाचा डॉक्टर होता. त्याने शरीराचे डोक्यापासून पायापर्यंत दहा उभे पट्टे कल्पिले, प्रत्येक बोटामागे एक. एका पट्ट्यात कुठेही दाब दिला की त्याच पट्ट्यातली दुसरीकडची वेदना कमी होते, असं त्याचं म्हणणं. १९१७ साली त्याचं 'झोन थेरपी' हे पुस्तक आलं. दाबायला काय वापरायचे? धातूचे कंगवे, रबरबँड आणि कपडे वाळत घालायचे चिमटे! बोटांना चिमटे लावून बसायचं.

पुढे १९३०च्या दशकात युनिस इंगहॅम या बाईंनी सगळा भर पायावर नेला आणि तळपायाचा तपशीलवार नकाशा केला. म्हणजे तुमचं 'हाताचं' हे खरं तर थोरलं भावंड.

अडचण अशी की वेगवेगळ्या शाळांचे नकाशे एकमेकांशी जुळत नाहीत. एकाचं मूत्रपिंड दुसऱ्याच्या आतड्यात. तळहातावरून थेट यकृताकडे जाणारी कुठली नस शरीरशास्त्राला सापडलेली नाही. राहिल्या चाचण्या. पर्यायी उपचारांवर संशोधन करणारे एडझार्ड अर्न्स्ट यांनी २००९ मध्ये १८ नियंत्रित चाचण्यांचा आढावा घेतला, २०११ मध्ये सहकाऱ्यांबरोबर २३ चाचण्यांचा. दोन्ही वेळा निष्कर्ष एकच: कुठल्याही आजारावर ती परिणामकारक आहे असं खात्रीने म्हणता येत नाही. ऑस्ट्रेलिया सरकारने असल्या उपचारपद्धतींची छाननी केली आणि १ एप्रिल २०१९ पासून आरोग्यविम्याच्या अनुदानातून ज्या सोळा पद्धती वगळल्या, त्यांत रिफ्लेक्सॉलॉजी आहे.

तेव्हा शिकवा जरूर, पण तो नकाशा भिंतीवर टांगू नका. एकदा टांगला की काका लोक 'माझं स्वादुपिंड कुठंय' म्हणून रांग लावतील.

---

पद्मिनी_नेरूळ
१८ जानेवारी, सकाळी ६:५०

तर्कटभाऊ, रात्री पावणेबाराला एवढं लिहिता, तुम्हालाच झोपेसाठी हात दाबून घ्यायची गरज आहे. :)

मी गेली अनेक वर्षं सुजोक आणि ॲक्युप्रेशर करते. सुजोक कोरियाच्या पार्क जे-वू यांनी मांडलं, त्यात अख्खं शरीर हातात बघतात. अंगठा म्हणजे डोकं, मधली दोन बोटं म्हणजे पाय, तर्जनी आणि करंगळी म्हणजे हात. बिंदूंवर मेथीचे, मुगाचे दाणे टेपने चिकटवायचे. खर्च शून्य. नेरूळच्या बागेत सकाळी आमचा सातआठ बायकांचा गट आहे, कुणाची मान आखडली, कुणाला मळमळ, एकमेकींना करतो. फरक पडतो म्हणूनच करतो ना? बायकांना काय वेळ जात नाही?

आणि सगळं खोटं कसं म्हणता? मनगटावरच्या त्या मळमळीच्या बिंदूचं काय? तो तर डॉक्टरही मानतात.

---

तर्कट
१८ जानेवारी, सकाळी ९:१५

पद्मिनीताई, तो मुद्दा रास्त आहे. तळहाताच्या बाजूने मनगटाच्या घडीपासून तीन बोटं वर, स्नायूंच्या दोन दोऱ्यांच्या मधली जागा. ऑपरेशननंतरच्या मळमळीसाठी तिथे सुई, दाब किंवा इतर प्रकारे चेतना देऊन ५९ चाचण्या झाल्या आहेत. कोक्रेन या वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यात खोट्या उपचाराच्या तुलनेत मळमळ कमी झालेली दिसते. मात्र पुराव्याचा दर्जा कमी आहे, हेही त्याच आढाव्यात म्हटलंय.

पण तो बिंदू चिनी ॲक्युपंक्चरचा. रिफ्लेक्सॉलॉजीच्या नकाशात पोट तिथे नाहीच, ते तळव्यावर. तुमच्या सुजोकमध्ये पाय मधल्या बोटांत, मेधाताईंच्या नकाशात त्याच बोटांच्या टोकाला सायनस. तीन पद्धती, एक हात. तिन्ही नकाशे एकदम बरोबर असणं कठीण आहे, आणि तरी तिन्ही करणाऱ्यांना बरं वाटतं. मग बरं वाटण्याचं कारण नकाशात असेल की नकाशाबाहेर?

---

पद्मिनी_नेरूळ
१८ जानेवारी, सकाळी ९:३१

ते तुम्ही शोधा. आम्हाला बरं वाटण्याशी मतलब.

---

खारीगावकर
१८ जानेवारी, सकाळी ९:३३

शेंगदाणे संपले, मिसळ मागवतो.

---

हाडवैद्य
१८ जानेवारी, दुपारी २:४०

ओपीडी संपवून लिहितोय. कारण नकाशाबाहेरच आहे, आणि तेही कमी रंजक नाही.

एका हातात २७ हाडं. बोटं हलवणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच, ते कोपराखाली असतात. तिथून लांब दोऱ्या मनगटातून बोटांपर्यंत येतात. मूठ उघडझाप करत दुसऱ्या हाताने कोपराखालचा भाग धरून बघा, आतली हालचाल जाणवेल. म्हणून मेधाताई, फक्त तळवा चोळून थांबू नका. कोपराखालचा मांसल भाग दाबून दिलात तर टाइप करणाऱ्या, भाजी चिरणाऱ्या, बसचा दांडा धरणाऱ्या माणसाला दुप्पट आराम मिळेल. मी पाहिलेल्या तक्त्यांत हा भाग नव्हता, कारण ते मनगटाशीच संपतात.

दुसरं, स्पर्श. कॅनडातले मेंदूशल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड यांनी जाग्या रुग्णांच्या मेंदूला सूक्ष्म विद्युत स्पर्श करून कुठला भाग शरीराच्या कुठल्या भागाची संवेदना सांभाळतो ते नोंदलं. त्यात हात आणि ओठांनी अडवलेली जागा पाठ, मांडी यांच्यापेक्षा कितीतरी मोठी निघाली. शरीराचा नकाशा हवाच असेल तर तो हातावर शोधू नका, मेंदूत बघा. तिथे हात जमीनदार आहे. त्यामुळे हाताला मिळालेला सावकाश, अपेक्षित, न दुखवणारा स्पर्श लक्ष वेधून घेतो आणि डोक्यातली बाकीची गडबड थोडा वेळ मागे पडते.

तिसरं, श्वास. दाबताना तुम्ही 'श्वास सोडा' म्हणत असाल. मिनिटाला सहाच्या आसपास संथ श्वास घेतले की नाडी उतरते. हे हात न दाबताही होतं, पण नुसतं 'श्वास घ्या' म्हटलं तर आमच्या पेशंटला दोन मिनिटांत कंटाळा येतो. हाताला काम दिलं की तो बसून राहतो.

उपचार म्हणून बढाई नको, आराम म्हणून बेलाशक करा.

---

सिस्टर_घणसोली
१८ जानेवारी, रात्री ८:२०

हाडवैद्य +१.

मी वाशीच्या एका हॉस्पिटलात नर्स आहे. ऑपरेशनला न्यायच्या आधी पेशंट टेन्शनमध्ये असतो, नातेवाईक बाहेर थांबवलेले. तेव्हा ज्या हाताला सलाइन नाही तो हात धरून अंगठ्याने तळवा दाबला की बोलायला लागतो माणूस. कुठला बिंदू वगैरे मला माहीत नाही, वेळ मिळाला तर करते.

पण मेधाताई, तुमच्या कट्ट्यावर साठसत्तरच्या पुढचे लोक येणार, तर सुरू करायच्या आधी विचारून घ्या. कुणी डायलिसिसवर आहे का? त्यांच्या एका हातात फिश्चुला केलेला असतो, म्हणजे डायलिसिससाठी धमनी आणि शीर एकमेकांना जोडलेली असते, हात लावला की घुंईघुंई थरथर लागते. त्या हाताला आम्ही बीपीचा पट्टा बांधत नाही, सुई टोचत नाही. तुम्हीही तो हात दाबू नका, मनगटापासून वर कुठेही नाही.

कुणा बाईंचं स्तनाचं ऑपरेशन होऊन काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूच्या हाताला सूज येण्याचा धोका पुढे अनेक वर्षं राहतो. त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय जोरात मालिश नको. आणि हे चारचौघांत मोठ्याने विचारू नका हो, बायका सांगत नाहीत. बाजूला घेऊन विचारा, किंवा सगळ्यांनाच सांगा की ज्यांना नको असेल त्यांनी नुसतं बघा.

रक्त पातळ करायच्या गोळ्या बहुतेकांना चालू असतात. कातडी पातळ झालेली असते, अंगठा रुतवला की निळंजांभळं होतं आणि दुसऱ्या दिवशी सून विचारते काय झालं. हलक्या हाताने.

डायबेटिसवाल्यांना जुन्या आजारात बोटांना कळत कमी असतं, 'अजून जोरात' म्हणतील, तुम्ही देऊ नका. आधी गरम पाण्यात हात बुडवायचा कार्यक्रम ठेवला असेल तर पाणी तुमच्या कोपराने तपासा.

---

मेधा_वसंतविहार
१८ जानेवारी, रात्री ९:५५

सिस्टर, फिश्चुलाचं मला क्लासमध्ये कुणीही सांगितलं नव्हतं. कट्ट्यावरचे एक आजोबा आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातात आणि सगळ्या कार्यक्रमांना पहिल्या रांगेत असतात. तुमचा प्रतिसाद छापूनच घेते.

डॉक्टर, कोपराखालचं आज स्वतःवर करून बघितलं. रविवारी नक्की घेणार.

---

उपवनचा_बगळा
१८ जानेवारी, रात्री १०:४०

मी त्या वयोगटातला, म्हणून बोलतो. वय ७४. उपवनला रोज सकाळी फिरतो. बागेत गोटे बसवलेला ट्रॅक होता त्यावर अनवाणी चालून झालं, टाळ्या वाजवून झाल्या, मोठ्याने हसून झालं, दुधीचा रस पिऊन झाला. जो येतो तो शंभर वर्षं जगवायला निघालेला असतो. आम्हाला शंभर वर्षं नकोत. दुपारी दोन ते पाच घालवायचे कसे ते कुणी सांगा.

एक गोष्ट लक्षात ठेवा मेधाबाई. कट्ट्यावर जोड्या लावून 'एकमेकांचे हात दाबा' म्हणाल तर पुरुष मंडळी चहाच्या निमित्ताने उठून जातील. आमच्या पिढीत पुरुषाने पुरुषाचा हात धरणं म्हणजे शेकहँड, तोही निवृत्तीच्या दिवशी. आधी स्वतःचा स्वतः शिकवा. जोड्या नंतर आपोआप लागतील, नाही लागल्या तर राहू देत.

---

शेवंती_कळवा
१९ जानेवारी, सकाळी ११:१०

बगळेकाका, अगदी!

मला यात आणखी एक दिसतं. आमच्याकडे पाय चेपणं हे नेहमी खालून वर होतं. सून सासूचे, नातू आजोबांचे, बायको नवऱ्याचे. चेपणारा जमिनीवर, चेपून घेणारा पलंगावर, आणि चेपणाऱ्याचे पाय कधी दुखतात का हे कुणी विचारत नाही. माझ्या आत्याने अर्धं आयुष्य यात घालवलं. हाताचं तसं नाही. दोघं समोरासमोर बसतात, एकाच उंचीवर, टेबल मध्ये. दहा मिनिटांनी अदलाबदल करता येते. सासूबाईंचा हात मी दाबला आणि मग त्यांनी माझा दाबला, हे आमच्या घरात पायाच्या बाबतीत होणं शक्यच नव्हतं.

त्यामुळे रिफ्लेक्सॉलॉजी असो वा नसो, मेधाताई, अदलाबदलीचं मात्र नियमात बसवा. नाहीतर कट्ट्यावर शिकून घरी जाऊन काका म्हणतील, "अगं, ते शिकवलं ना आज, जरा माझा हात दाब."

---

पद्मिनी_नेरूळ
१९ जानेवारी, सकाळी ११:४२

शेवंती, शंभर टक्के अनुमोदन. आमच्या गटात नियमच आहे, जी करून घेते तिने करायचं.

---

घोडबंदरी
१९ जानेवारी, रात्री ९:१८

माझा रोजचा प्रवास कासारवडवली ते रबाळे. माजिवडा नाक्यापर्यंत बस जेवढी सरकते त्यात दोन्ही हातांचं रिफ्लेक्सॉलॉजी, सुजोक, ॲक्युप्रेशर आणि हस्तरेषा एवढं सगळं होऊन जातं.

गंमत सोडा, मेधाताई, बसल्या जागी स्वतःचं करायची कृती नीट क्रमाने लिहाल का? यूट्यूबवर प्रत्येक जण वेगळं सांगतो आणि अर्धा वेळ 'चॅनल सबस्क्राइब करा'मध्ये जातो.

---

मेधा_वसंतविहार
१९ जानेवारी, रात्री ११:०२

लिहिते. मी करते तसं. बाकीच्यांनी भर घाला.

आधी अंगठी, कडं, घड्याळ काढा. नखं कापलेली हवीत, अंगठ्याचं तर नक्कीच. तेल थेंबभर, खोबरेल चालतं. जास्त घेतलं तर अंगठा घसरतो आणि दाब पडत नाही. बसमध्ये असाल तर बिनतेलाचं. हात हवेत धरू नका, मांडीवर पर्स किंवा उशी ठेवून त्यावर तळवा वर करून ठेवा. जो हात दाबायचाय तो पूर्ण सोडून द्यायचा. हेच सगळ्यात अवघड. बहुतेक जण मदत करायला जातात आणि बोटं ताठ धरून बसतात.

सुरुवातीला मनगट दोन्ही बाजूंना सावकाश फिरवा. मग डॉक्टर म्हणाले तसं कोपराखालून मनगटापर्यंत मुठीने धरत, सोडत खाली या. तळव्यावर आलात की अंगठ्याचं काम. अंगठा पहिल्या सांध्यात वाकवायचा, दाबायचा, सरळ करत जरासा पुढे सरकायचा, पुन्हा वाकवायचा. सुरवंट चालतो तसं. मनगटाच्या घडीपासून सुरू करून करंगळीच्या टोकापर्यंत एक रेघ, मग अनामिकेपर्यंत दुसरी, अशा पाचही. कुठे आडवं जाऊ नका, घाई करू नका. मध्ये कुठे दुखरी जागा लागली तर तिथे दोन श्वास थांबा आणि पुढे जा. 'इथे दुखतंय म्हणजे किडनी खराब' असा शोध लावू नका. बहुधा दिवसभर माउस धरलेला असतो.

अंगठ्याखालचा फुगीर भाग मला सगळ्यात आवडतो. तिथे वेळ घ्या. मोबाइलवर टाइप करून करून तो दगड झालेला असतो. दुसऱ्या हाताचा अंगठा वर आणि चार बोटं मागे असा चिमटीत धरून गोल गोल मळायचा. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली पाळ हळूच चिमटीत धरून सोडायची. (ॲक्युप्रेशरवाले तिथला बिंदू गरोदरपणात दाबू नका म्हणतात. कट्ट्यावर तो प्रश्न येणार नाही, पण इथे वाचणाऱ्या मुली असतील.)

मग एकेक बोट मुळापासून टोकापर्यंत दोन्ही बाजूंनी दाबत न्यायचं आणि टोकाशी किंचित ओढून सोडायचं. कडकड आवाज काढायचा नाही. हात उलटा करून बोटांच्या हाडांमधल्या खाचांतून मनगटाच्या दिशेने हलकं सरकायचं, इथे कातडी पातळ असते.

शेवटी तळव्याच्या मध्यापाशी, जरा वरच्या अंगाला अंगठा ठेवून थांबायचं. क्लासमध्ये याला सोलर प्लेक्ससचा (पोटातल्या नसांच्या जाळ्याचा) बिंदू म्हणतात. मी त्याला थांबायची जागा म्हणते. श्वास घेताना दाब, सोडताना दाब सैल, पाच-सहा वेळा. मग सगळ्या हातावरून एकदा हात फिरवायचा आणि दुसरा हात घ्यायचा. एका हाताला आठ-दहा मिनिटं पुष्कळ झाली.

दाब किती? दुखलं पाहिजे असं काही नाही. 'दुखलं तरच लागू पडतं' ही आपल्याकडची समजूत औषधापासून मालिशपर्यंत सगळीकडे आहे आणि तिने या प्रकाराचं वाटोळं केलंय. तोंड वेडंवाकडं होत असेल तर खांदे पुन्हा कानापाशी गेलेत, म्हणजे मुद्दाच गेला.

---

हाडवैद्य
२० जानेवारी, दुपारी ३:०५

उत्तम लिहिलंय. बोटं ओढण्याबद्दल: संधिवाताने सांधे सुजून लाल, गरम झाले असतील तर त्या दिवसांत ओढणं आणि मळणं दोन्ही बंद. आणि पडून मनगट मोडलेलं असेल तर हाड जुळून प्लॅस्टर निघालंय, डॉक्टरांनी व्यायामाला परवानगी दिलीय, एवढं झाल्यावरच.

एक गोष्ट कट्ट्यावर मोठ्याने सांगा. एका बाजूच्या हाताची ताकद अचानक गेली, हात बधिर झाला, बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, तर कुणीही बिंदू दाबत बसायचं नाही. तो पक्षाघाताचा झटका असू शकतो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्या वेळेत सीटी स्कॅनसुद्धा बसतो. छातीत दाबल्यासारखं होऊन डावा हात भरून आला तरी तेच. १०८ ला फोन करा किंवा रिक्षा पकडा, आणि सीटी स्कॅनची सोय असलेलं हॉस्पिटल गाठा.

---

तर्कट
२० जानेवारी, सायंकाळी ७:३०

नोटिशीवर येतो. १९५४ सालचा आक्षेपार्ह जाहिरातींचा एक केंद्रीय कायदा आहे. कुठल्या आजारांवर उपायाची जाहिरात करायची नाही याची त्यात यादीच आहे आणि मधुमेह, रक्तदाब दोन्ही त्या यादीत आहेत. हात दाबणं त्या कायद्यात बसतं की नाही यावर वकील दोन्ही बाजूंनी बोलतील. पण सोसायटीच्या बोर्डावर ती परीक्षा कशाला घ्या? शिवाय महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा कायदा आहे, तसा रिफ्लेक्सॉलॉजीसाठी नाही.

त्याहून मोठी भीती वेगळी. बोर्ड वाचून एखाद्या आजींनी साखरेची गोळी बंद केली तर? विनाऔषध हा शब्द वयस्कर माणसाला फार गोड लागतो, कारण त्यांच्या डब्यात सकाळच्या सात गोळ्या असतात.

---

पद्मिनी_नेरूळ
२० जानेवारी, सायंकाळी ७:५२

इथे तर्कटभाऊंशी सहमत. (खारीगावकर, स्क्रीनशॉट काढून ठेवा.) आमच्या गटातही कुणाला गोळी बंद करायला सांगत नाही. ज्या बाई सांगायच्या त्यांना आम्ही गटातून सन्मानाने मोकळं केलं.

---

खारीगावकर
२० जानेवारी, सायंकाळी ७:५५

काढला.

नोटिशीचा मसुदा माझ्याकडून: 'हात दुखतात? दिवसभर मोबाइल धरता? रविवारी सकाळी दहाला क्लबहाउसमध्ये या. स्वतःचा हात स्वतः दाबायला शिका. गोळ्या घेऊन या, म्हणजे घरी घेऊनच या. नंतर चहा आणि बटाटेवडा.' शेवटच्या दोन शब्दांवर गर्दी होईल, कोणताही आजार लिहायची गरज नाही.

---

उपवनचा_बगळा
२० जानेवारी, रात्री ८:१०

वड्याला अनुमोदन. मी दुसऱ्या सोसायटीतला आहे, चालेल का?

---

मेधा_वसंतविहार
२१ जानेवारी, रात्री १०:३०

काका, या की! व्यक्तिगत निरोप पाठवते.

सेक्रेटरीकाकांना खारीगावकरांचा मसुदा वाचून दाखवला. गोळ्यांची ओळ त्यांनी जशीच्या तशी ठेवली, 'विनाऔषध' खोडलं. 'निदान झोप चांगली लागते एवढं तरी लिहू दे' म्हणाले. मी 'झोपण्यापूर्वी करायला चांगलं' एवढ्यावर तडजोड केली. भिंतीवर तक्ता लावणार नाही. कुणी विचारलंच तर सांगेन की असा एक नकाशा आहे, अमेरिकेतल्या एका डॉक्टरने बोटांना चिमटे लावून सुरुवात केली होती. चिमट्यांच्या गोष्टीवर दहा मिनिटं सहज निघतील.

---

कीबोर्ड_कोपरी
२२ जानेवारी, रात्री १२:१५

थोडं अवांतर. मी मेधाताईंची कृती तीन रात्री केली, छान वाटलं. पण माझा मूळ त्रास वेगळा आहे. रात्री अडीच-तीनला उजव्या हाताला मुंग्या येऊन जाग येते. अंगठा, तर्जनी, मधलं बोट. हात झटकला की बरं वाटतं. करंगळीला काही नाही. कोपरीतल्या एका ॲक्युप्रेशरवाल्याने मानेचा बिंदू म्हणून मनगटाच्या मध्यावर जोरात दाबायला सांगितलं होतं, त्याने वाढल्यासारखं वाटतंय. वय ४१, काम कॉम्प्युटरवर, थायरॉइडची गोळी चालू.

---

हाडवैद्य
२२ जानेवारी, दुपारी १:५०

न तपासता निदान करत नाही, पण तुमचं वर्णन कार्पल टनेल सिंड्रोमशी जुळतं. मनगटात हाडांचा आणि एका जाड पट्ट्याचा अरुंद बोगदा असतो, त्यातून बोटांच्या दोऱ्या आणि मीडियन नावाची नस जाते. जागा कमी पडली की नस दबते. ती अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेच्या अर्ध्या भागाची संवेदना सांभाळते. करंगळीची नस वेगळ्या वाटेने जाते, म्हणून ती सुटली. झोपेत मनगट दुमडतं, म्हणून त्रास रात्री. थायरॉइड कमी असणाऱ्यांना आणि मधुमेहींना हे जास्त होतं.

मनगटाच्या मध्यावर दाबणं आजपासून बंद. दबलेल्या नसेवर आणखी दाब देताय तुम्ही. तळवा, बोटं आणि कोपराखाली हलकं चोळायला हरकत नाही. थायरॉइडची तपासणी बरेच दिवसांत केली नसेल तर करून घ्या. अंगठ्याची पकड सैल वाटत असेल, वस्तू हातातून पडत असतील किंवा अंगठ्याखालचा फुगीर भाग दुसऱ्या हातापेक्षा बसका दिसत असेल तर थांबू नका, अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. नसेचा वेग मोजायची तपासणी करतात. सुरुवातीच्या टप्प्यात रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधून अनेकांना आराम पडतो.

---

कीबोर्ड_कोपरी
२२ जानेवारी, दुपारी २:२०

धन्यवाद डॉक्टर. पट्टा मेडिकलमध्ये मिळतो ना? की दिवसाही बांधायचा? कामावर टायपिंग थांबवता येत नाही.

---

हाडवैद्य
२२ जानेवारी, रात्री ९:४०

मिळतो. आत धातूची किंवा प्लॅस्टिकची पट्टी असलेला घ्या, नुसता इलॅस्टिकचा नको. बांधल्यावर मनगट वर किंवा खाली न झुकता सरळ राहिलं पाहिजे आणि बोटं मोकळी हवीत. आवळून बांधू नका. आधी फक्त रात्री. दिवसा कीबोर्ड थोडा खाली घ्या आणि मनगट टेबलाच्या धारेवर टेकवू नका. महिन्याभरात फरक नाही पडला तर तपासणीला जा.